एकमताचा घाणा

दापोलीच्या इरफाननं मिरची चावली आणि वाशिमच्या चंद्रकलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दोघांच्या मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पसरलेला. कंपनीवाले म्हणतात, असं होणं शक्यच नाही. कंपनीवाल्यांनी ती मिरची पाहिली नव्हती. असो. माझ्या घरचे माझ्या बोलण्यातलं निम्मं खरं मानतात आणि उरलेलं निम्मं जेवताना तोंडी लावतात. पण आता सांगतो ते सगळं घडलेलं आहे. पदरचं घातलं असेल तर मिठाइतकंच.

आमच्या वरच्या मजल्यावर वैजयंती आरगे राहते. मिरजेत दूध संघाच्या कचेरीत संगणक सांभाळते, आणि रविवारी ‘हातभार’ सांभाळते. हातभार म्हणजे फुकट कोड लिहून देणाऱ्या हौशी माणसांचं मंडळ. कुणी दापोलीत दवाखाना चालवतो, कुणी वाशिमला शाळेत शिकवतं, कुणी नुसतंच निवृत्त. सगळे आपापल्या घरी बसून पडद्यावर भेटतात आणि लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बनवतात. मीही त्यात आहे. पडद्यावर दिसणारी मराठी वाक्यं लिहायचं काम माझं. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तिथं मी कधीच चुकत नाही.

मोठ्या शहरांत अशा बैठकांना हॅकेथॉन म्हणतात. पोरं दोन-दोन दिवस न झोपता, न आंघोळता बसतात आणि शेवटी एकमेकांकडे भुतासारखी बघतात. वैजयंतीला ते पसंत नव्हतं. ती म्हणायची, “आपण संसारी माणसं. दीड तास बसायचं, एक घाणा तळायचा, काढायचा, उठायचं. कढईत ठेवला की करपतो.” म्हणून आमच्या हॅकेथॉनचं नावच घाणा पडलं. सुरू करताना ती कॅमेऱ्यासमोर कढईवर झारा वाजवायची, संपताना पुन्हा वाजवायची. झारा वाजला की हात वर. ओळ अर्धी राहिली तर अर्धी. आणि ते अर्धं काम पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या पानात वाढलं जायचं. आपलं आपण पुरं करायचं नाही, हा नियम. त्यामुळे प्रत्येक ओळीवर परकी नजर पडायची, आणि परकी नजर पडली की भांडण ठरलेलं.

भांडणात पहिला नंबर खुद्द आरग्यांच्या घरात. वैजयंतीचा नवरा मुकुंद ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. तोही हातभारात. दोघं दोन खोल्यांत, दोन पडद्यांसमोर बसायचे, आणि भांडायचे मात्र भिंतीतून. इंटरनेटपेक्षा भिंत जलद.

ज्या भांडणावरून पुढचं सगळं झालं, ते मी समोर बसून ऐकलं आहे. तेव्हा आमचं ‘उतारा’चं काम नुकतंच सुरू झालं होतं. साप चावला की जवळच्या कुठल्या दवाखान्यात लस शिल्लक आहे आणि तिथं कसं पोचायचं, हे सांगणारं ॲप. रविवारची सकाळ. गॅसवर उप्पीट. मुकुंदची थोरली बहीण शालनअक्का बेळगावहून आलेली. वैजयंती स्वयंपाकघरातूनच ओरडली.

“आधी विचारायला पाहिजे, चावलेला माणूस कुठल्या गावात आहे!”

“कशाला?” आतल्या खोलीतून मुकुंद. “फोनला कळतं की आपण कुठं आहोत. तिथं माणूस काळानिळा पडतोय आणि तू त्याला गावाचं नाव टाइप करायला लावणार?”

“फोनला फोन कुठाय ते कळतं. माणूस कुठाय ते नाही कळत.”

“हल्ली फोन आणि माणूस वेगळे असतात काय गं?”

“तुझी आई डोंगरात एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा फोन. तिला साप चावला तर ती कुणाला फोन करेल? तुला. तू कुठं असशील? कॉलेजात, फळ्यासमोर. मग हे ॲप लस कुठं शोधेल? फळ्यामागं?”

“माझ्या आईला चावायची सापाची हिंमत नाही!”

“हे मात्र खरं,” शालनअक्का म्हणाल्या.

निकाल लागला नाही. उप्पीट तेवढं करपलं. शालनअक्कांनी तळाचं खरवडून घेतलं आणि मला म्हणाल्या, “तात्या, या घरात मी पांढरं उप्पीट अजून बघितलेलं नाही.”

शालनअक्का बेळगावात पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्याच्या प्रमुख आहेत. नवा पंप आला की तो कोरडा चालवायचा, उलटा चालवायचा, चिखल पाजायचा आणि कधी मरतो ते बघायचं, हे त्यांचं काम. मोडण्यात त्यांना जो आनंद होतो तो इतरांना लग्नात होत नाही. वैजयंती त्यांना मुद्दाम जुन्या वळणानं ‘वन्सं’ म्हणते आणि वर म्हणते, नणंद म्हणजे जन्मजात टेस्टर, पगार असो वा नसो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत टोपरं आलं.

त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि लांबलचक होतं. पण ते हनुवटीखाली पट्ट्यानं बांधायचं, तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यासारखं, म्हणून आम्ही टोपरंच म्हणू लागलो. पुण्याच्या एका नव्या कंपनीनं प्रयोग म्हणून ती अख्ख्या मंडळाला पाठवली होती.

त्यातलं शास्त्र मिरजेत बसून समजावणं सोपं आहे. तंतुवाद्यांच्या दुकानात जा. दोन तंबोरे एका सुरात लावून शेजारी ठेवा आणि एकाची तार छेडा. दुसऱ्याला कुणी हात लावलेला नसतो, तरी त्याची तीच तार आपोआप गुणगुणू लागते. आपल्या मेंदूत तारा नाहीत, पण लाटा आहेत. पेशींचे थवेच्या थवे तालात पेटतात-विझतात आणि विजेच्या बारीक लाटा उठतात. दोन माणसं मन लावून एकच गोष्ट ऐकू लागली, एकच कोडं सोडवू लागली, की त्यांच्या लाटा हळूहळू एका ठेक्यावर येतात. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. टोपऱ्यानं त्यावर कळस चढवला. आतल्या बटणांसारख्या संवेदकांनी तुमचा ठेका टिपायचा, तो इंटरनेटवरून दुसऱ्याच्या टोपऱ्याला कळवायचा, आणि त्या टोपऱ्यानं त्याच्या कवटीवर विजेची इतकी हलकी टिचकी मारत राहायचं की मुंगीचीही झोप मोडू नये. काही मिनिटांत दोन्ही मेंदू एका तालावर.

यातून विचार जात नाहीत, आठवणी जात नाहीत, गुपितं तर नाहीच नाहीत; चंद्रकलाबाईंनी ते कंपनीला आधी विचारून घेतलं होतं. जातो तो कल. मुरलेला माणूस कोडवरून नजर फिरवतो तेव्हा त्याला आधी ‘इथं काहीतरी शिजतंय’ असं वाटतं, आणि कारण मागून सापडतं. ते आधीचं ‘वाटणं’ तेवढं एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उतरतं. काल कोड शिकलेल्या माणसालाही आज वीस वर्षं मुरलेल्याचं नाक मिळतं. फक्त दीड तासापेक्षा जास्त घालू नका, असं कंपनीनं बजावलं होतं. कल मुरायला लागतो. आमचा घाणा तर दीड तासाचाच होता. चालवणाऱ्याचं टोपरं मुख्य, बाकी सगळी त्याच्याशी सूर लावणार. म्हणजे वैजयंतीचं टोपरं आमचा मोठा तंबोरा झालं.

माझं काय झालं ते सांगतो. माझं टक्कल इतकं गुळगुळीत की टोपरं घसरून सारखं एका कानावर यायचं. त्यामुळे माझं निम्मं डोकं मंडळाशी सहमत असायचं आणि निम्मं पूर्वीसारखं आगाऊ.

शालनअक्कांनीही हौसेनं एकदा घातलं. दहा मिनिटांत सगळ्यांचा ताल फाटला. इरफानला वाटू लागलं की आपलं लग्न घाईत झालं. चंद्रकलाबाई गॅस बंद आहे का बघायला तीनदा उठल्या. शेवटी टोपऱ्याच्या सॉफ्टवेअरनंच ‘आपली लय जुळत नाही’ असं नम्रपणे सांगून अक्कांना बाहेर काढलं.

“सासरी इतकी वर्षं जुळली नाही,” अक्का पट्टा सोडत म्हणाल्या, “ती या कुंचीनं जुळणार होय!”

त्या गेल्या आणि घाण्याला असा रंग चढला म्हणता! ज्याला वर्ष लागलं असतं ते काही रविवारांत होऊ लागलं. इरफान दवाखान्यांच्या नोंदी जोडायचा तर चंद्रकलाबाईंची बोटं लसीच्या साठ्याचा हिशेब आधीच टाइप करत असायची. अर्धं काम दुसऱ्याच्या पानात पडलं तरी कुणाला ते परकं वाटेना. कुणी कुणाला ‘का’ विचारेना. झारा वाजला की सगळे एकदम हात वर करायचे आणि एकदम हसायचे. माझ्या निम्म्या डोक्याला ते फार सुंदर वाटायचं.

उरलेल्या निम्म्यानं मात्र वरच्या मजल्याकडे कान लावले होते. तिथून आवाज येईनासा झाला होता.

झालं होतं असं, की लांबच्या माणसांचा कल रात्रभर झोपलं की उतरायचा. सोमवारी इरफान पुन्हा इरफान आणि चंद्रकलाबाई पुन्हा चंद्रकलाबाई. पण वैजयंती-मुकुंद एका घरातले. इतकी वर्षं एकत्र जेवून, झोपून, भांडून त्यांच्या तारा आधीच एकमेकींच्या अगदी जवळ आलेल्या. टोपऱ्यानं राहिलेला केसाएवढा फरक मिटवला, आणि तो परत पडेचना. सोमवार आला काय, शुक्रवार आला काय.

एका संध्याकाळी मुकुंद जिना चढताना दिसला, पिशवीत पडवळ. मागोमाग वैजयंती, तिच्याही पिशवीत पडवळ. दोघांनी पिशव्यांकडे पाहिलं आणि हसून वर गेले. पूर्वी यावर एक अख्खा आठवडा निघाला असता. दुसऱ्या दिवशी दोघं एकदम बाहेर पडले आणि दोघांनी किल्ली आतच ठेवली, कारण दोघांनाही एकाच क्षणी वाटलं की किल्ली घ्यायला नको. कुलूपवाला येईपर्यंत दोघं पायरीवर शांत बसले होते. ‘तुझ्यामुळं’ हा शब्द कुणी काढला नाही. मी खिडकीतून वाट बघत होतो, ती फुकट गेली.

मग एका सकाळी वैजयंती वाटी घेऊन खाली आली. वाटीत उप्पीट. ढगासारखं पांढरं.

“कसं चाललंय?” मी विचारलं.

“छान, तात्या. फारच छान.” ती बसली. “मुकुंद म्हणतो सिनेमा नको, तर मलाही नकोच असतो. तो म्हणतो झोपू या, तर मलाही झोप आलेली असते. परवा कचेरीत गंमत झाली. सांगायला गेले, तर तोंड उघडायच्या आधीच कळलं की ऐकल्यावर तो काय म्हणणार.”

“मग?”

“मग सांगितलंच नाही. चहा प्यालो.” तिनं वाटीतलं उप्पीट चमच्यानं उगाच सारखं केलं. “तात्या, एकटं वाटतं हो. म्हणजे तो असतो समोर. दोघं मिळूनच एकटं वाटतं. पण वाईट काही नाही हं त्यात.”

“टोपरं घालू नका दोघं काही दिवस.”

“कशाला? आम्हाला दोघांनाही नाही वाटत तसं.”

ती गेल्यावर मी उप्पिटाचा एक घास खाल्ला. उत्तम होतं. कुणाचंही असतं तसं. मी बेळगावला फोन लावला.

“शालनअक्का, तुमच्या भावाच्या घरी उप्पीट करपत नाही.”

“कधीपासनं?”

“टोपरं आल्यापासनं.”

“शनिवारी येते,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शनिवारी अक्का आल्या. जेवताना मीही होतो. मला बोलावलं नव्हतं, पण जिना काही कुणाच्या मालकीचा नाही. ताटात शेवटचं भजं उरलं. मुकुंद आणि वैजयंतीनं एकदम हात पुढं केला, एकदम मागं घेतला, एकदम म्हणाले, “तू घे.” भजं तसंच राहिलं. अक्कांनी दोघांकडे बघत ते उचललं आणि खाल्लं.

“घरात कोण वारलंय काय?” त्यांनी विचारलं.

“नाही तर,” दोघं म्हणाले.

अक्कांनी पुढं काही विचारलं नाही. हात धुतले आणि म्हणाल्या, “तुमचं ते सापाचं यंत्र दाखवा बघू. सोमवारी सरकारला देणार म्हणे.”

तसंच ठरलं होतं. उतारा जवळजवळ पुरा झाला होता. रविवारी शेवटचा घाणा, आणि सोमवारी तो राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती जाऊन आरोग्य केंद्रात, गावोगावच्या आशाताईंच्या आणि लोकांच्या फोनवर चालू होणार होता. मुकुंदनं अभिमानानं फोन पुढं केला. अक्कांनी पंपाकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

“आईला साप चावलाय,” त्या फोनला म्हणाल्या.

फोननं तत्काळ उत्तर दिलं. जवळचा दवाखाना, साठ्यात लस, रस्ता असा, रिक्षानं अमुक मिनिटं. सगळं चोख.

“हा दवाखाना कुठला?”

“आपल्या चौकातला,” मुकुंद म्हणाला.

“आणि आई कुठाय? शिराळ्याच्या पुढं, डोंगरात. तिला चावलं तर मी मिरजेच्या रिक्षात बसून काय करू? मीच लस टोचून घेऊ?”

मुकुंद आणि वैजयंती हसले. एकाच वेळी, एकाच स्वरात म्हणाले, “फोन जिथं, माणूस तिथं.”

अक्कांच्या हातावर काटा आला. मी बघितला. त्या वैजयंतीकडे वळल्या. “अगं, या घरात उभी राहून तू याच्या बरोबर उलटं म्हणत होतीस. माझ्यासमोर. उप्पीट करपेपर्यंत भांडलीस त्याच्याशी.”

“आठवतंय की, वन्सं,” वैजयंती शांतपणे म्हणाली. “शब्दन् शब्द आठवतो. फळ्यामागं लस, असंसुद्धा म्हणाले होते.”

“मग?”

“पण आता तसं वाटत नाही. कुणा दुसऱ्या बाईचं बोलणं आठवावं तसं ते आठवतं.”

आता तुम्हाला टोपऱ्याची खरी गंमत कळली असेल. आठवणी जागच्या जागी होत्या. माहिती होती, बुद्धी होती. फक्त ‘इथं चूक आहे’ हे वाटणं विरघळून गेलं होतं, आणि तेही एकीचं नाही, सगळ्या मंडळाचं. मोठ्या तंबोऱ्याचा सूर नवऱ्याच्या सुरात मिसळला, आणि बाकीचे सगळे तंबोरे त्या मिसळलेल्या सुरावर लागले.

रविवारी सकाळी शेवटचा घाणा बसला. सगळ्यांच्या डोक्यावर टोपरी. अक्का बोडक्या डोक्यानं वैजयंतीच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. सुरुवातीचा झारा वाजला. शेवटची तपासणी होती. कामं भराभर उरकत होती, कुणी कुठं अडत नव्हतं. वेळ संपत आली तशी अक्कांनी वैजयंतीचा माइक आपल्याकडे ओढला.

“दापोलीचे डॉक्टर आहेत काय?”

“आहे, अक्का,” इरफान म्हणाला.

“तुमच्याकडे साप चावलेला माणूस यायच्या आधी कुणाचा फोन येतो?”

“मुंबईच्या मुलाचा,” इरफान हसून म्हणाला. “नेहमीच. इथं म्हातारं माणूस वाडीत असतं, ते आधी मुंबईला कळवतं, आणि मुंबईचा मुलगा आम्हाला.”

“मग तो मुलगा मुंबईत बसून हे यंत्र उघडेल, तेव्हा ते त्याला कुठं पाठवेल?”

“मुंबईतल्या दवाखान्यात.”

“मग चुकलं ना?”

इरफाननं विचार केला. खरंच केला, कपाळावर आठी आली आणि मावळली. “नाही, अक्का. फोन जिथं, माणूस तिथं.”

“फोन जिथं, माणूस तिथं,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. मग बाकीचे म्हणाले. मग माझ्या निम्म्या डोक्यानंही म्हटलं, आणि उरलेल्या निम्म्याला घाम फुटला.

अक्कांनी माइक सोडला. “वैजू,” त्या हळू म्हणाल्या, “आता तूच. मी परकी. माझं कोण ऐकतंय.”

घड्याळात वेळ झाली. वैजयंतीच्या एका हातात कढई, एका हातात झारा. झारा वाजला की घाणा निघाला. वाजवायचा की नाही, हे एकट्या चालवणारीच्या हातात. ती पडद्याकडे बघत होती. सगळे चेहरे समाधानी. आतल्या खोलीत मुकुंद समाधानी. तिच्या स्वतःच्या मनात काही खुपत नव्हतं. आणि आणखीही एक होतं: एरवी लय हळूहळू थांबवूनच टोपरं काढायचं; ते मध्येच उपसलं तर मुरलेला कल झटक्यात कसा उतरेल, उतरल्यावर काय उरेल, हे कंपनीलाही सांगता येत नव्हतं. घरातली ही शांतता एकदा गेली की पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. आणि शांतता कुणाला नको असते हो?

“मला यात चूक वाटत नाही,” वैजयंती माइकमध्ये म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. “पण त्या बाईला वाटत होती. ती बाई या घरात लग्न होऊन आली, या नवऱ्याला तिनं वीस वर्षं ओळखलं, त्याच्या आईला ओळखलं. तिनं उगाच उप्पीट करपवलं नसतं. माझ्यापेक्षा माझा तिच्यावर विश्वास आहे.”

आणि तिनं झारा खाली ठेवला.

“घाणा निघणार नाही. कच्चा आहे.”

हनुवटीखालचा पट्टा सोडून तिनं टोपरं काढलं. मोठा तंबोरा थांबला तशी बाकीच्यांची तार एकदम सैल पडली. कुणी डोकं धरलं, कुणी डोळे चोळले. चंद्रकलाबाई उठून गॅस बघायला गेल्या. मग आतल्या खोलीतून, भिंतीतून, चाचरत आवाज आला.

“वैजू... हे तू... कुणाला विचारून केलंस?”

वैजयंतीचा हात टेबलावर तसाच राहिला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला नवरा पुढं काय म्हणणार ते माहीत नव्हतं.

“कुणालाच नाही,” ती म्हणाली.

मुकुंद दारात आला. टोपरं हातात, केस उभे. “मला वाटतं... तू बहुतेक चुकतेयस.”

“बहुतेक नको म्हणू, मुक्या!” अक्का ओरडल्या. “नीट भांड!”

“तू चुकतेयस,” मुकुंद म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा सापडला. “एक प्रश्न वाढवला की वेळ जातो. घाबरलेला माणूस गावाचं नाव चुकीचं टाइप करेल.”

“आणि चुकीच्या दवाखान्यात गेलेला माणूस काय करेल? बरोबर मरेल?” हे म्हणताना वैजयंतीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. आधी शब्द आले होते, आता राग आला. विरघळलेलं वाटणं परत यायला एवढा वेळ लागला.

“मग टाइप करायला लावू नकोस!”

“मग विचारू कसं?”

“एकच प्रश्न विचार! हो किंवा नाही! हो म्हटलं तर पुढं जा, नाही म्हटलं तरच गाव विचार!”

“तेच तर मी म्हणतेय!”

“तू हे म्हणत नव्हतीस, मी म्हणतोय!”

पडद्यावरचे सगळे जण तोपर्यंत आपापल्या ठेक्यावर आले होते आणि एकमेकांचं बोलणं तोडून बोलत होते. इरफान म्हणत होता, नाही म्हटल्यावर आधी त्या भागातल्या दवाखान्याचा नंबर दाखवा. चंद्रकलाबाई म्हणत होत्या, आधी वाडीचं नाव, मग तालुका, कारण वाड्या सारख्या नावाच्या असतात. मला कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी गुपचूप वाक्य लिहून टाकलं: ‘साप चावलेला माणूस आत्ता तुमच्याजवळ आहे का?’ खाली दोन मोठी बटणं. हो. नाही. आजवर मी लिहिलेल्या वाक्यांत हे एकच असं आहे ज्यात मीठसुद्धा घातलेलं नाही.

उतारा सोमवारी दिला नाही. वैजयंतीनं अधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं, कच्चा आहे, पुढच्या सोमवारी देतो. त्यांनी एक जांभई दिली आणि हो म्हटलं. मधल्या दिवसांत टोपऱ्यांविना काम झालं. हळू झालं, आदळआपट करत झालं, आणि आणखी दोन चुका सापडल्या. एक मुकुंदची, एक वैजयंतीची, आणि दोघांनी एकमेकांची पकडली हे सांगायला नको.

उतारा चालू झाला त्या पावसाळ्यात इरफानचा फोन आला. नालासोपाऱ्यातल्या एका मुलीनं ॲप उघडलं होतं. आजीला दापोलीच्या वाडीत गवत कापताना फुरसं चावलं होतं. ‘नाही’ दाबलं, वाडीचं नाव दिलं, आणि शेजाऱ्यांच्या रिक्षातून आजी थेट लस असलेल्या केंद्रात पोचली. आता इरफानच्या दवाखान्यात पाय दाखवायला येते आणि त्याला म्हणते, एवढं शिकलास तर तुझ्या खुर्च्या का मोडक्या? 

टोपरी आम्ही टाकली नाहीत. काम अवघड असलं की अजून घालतो, अर्ध्या तासापुरती. पण मंडळात एक नवा नियम आला. प्रत्येक घाण्याला एक नणंद नेमायची. नणंदेनं टोपरं घालायचं नाही, काही बनवायचं नाही, फक्त खोड काढायची. आणि नणंद हो म्हणेपर्यंत झारा वाजत नाही. आळीपाळीनं सगळ्यांना नणंद व्हावं लागतं. इरफान दोनदा झाला, दोन्ही वेळा रडवलं त्यानं आम्हाला. मला करत नाहीत. म्हणतात, तात्या, तुमच्या खोडी खऱ्या कुठल्या आणि रचलेल्या कुठल्या ते कळत नाही.

आरगे पती-पत्नी मात्र टोपरं घालतच नाहीत. गेल्या रविवारी सकाळी वरून आवाज आला. आधी वैजयंतीचा, मग मुकुंदचा, मग दोघांचा मिळून, पण दोन निरनिराळ्या दिशांनी. विषय असा, की उताऱ्याचा तो हो-नाहीचा प्रश्न मुळात सुचला कुणाला. मी चप्पल न घालताच जिना चढलो. वैजयंतीनं दार उघडलं. हातात झारा, मागं धूर.

“आत्ता नको, तात्या,” ती म्हणाली. “उप्पीट करपलंय.”

“वाढ,” मी म्हटलं आणि पाट ओढला. “खरवडसुद्धा काढ.”